कणगीवर चाललेली लढाई

(२ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी निघालेल्या, कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांचा आदल्या रात्रीचा मुक्काम खारबाव, ता. भिवंडी येथे होता. त्या वेळी गावातील एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



तुमच्यातले काही जण दोन दोन गाड्या बदलून, कल्याणला उतरून इथपर्यंत आलात. उद्या पहाटे अंधारात उठून पुन्हा निघायचं आहे. तेव्हा लांबण लावत नाही. मी पुढारी नाही. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं आणि जोडीला वडिलांची चार एकर भातशेती केली. एवढीच माझी ओळख.

खारबावला तुम्हाला कापूस दिसणार नाही आणि ज्वारीही दिसणार नाही. आमची खाडीकाठची जमीन. खारं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाचं गोडं पाणी धरून ठेवायचं आणि त्यात भात लावायचं. तरी तुमची-आमची गाठ जुनी आहे. भिवंडीत हजारो यंत्रमाग आहेत. त्यावर जे सूत चढतं त्यातला कापूस तुमच्याच कुणाच्या तरी वावरातला. आणि उद्या ज्यांना आपण हात जोडायला चाललो आहोत, त्यांच्या लढाईतही तुमचा कापूस आहे. तो कसा, ते सांगतो.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्याआधी मामांच्या तोंडून ऐकली. माझं आजोळ मुरबाडच्या बाजूला, सिद्धगडाच्या पायथ्याकडचं. १९४२ साली मामा तेरा वर्षांचे होते. २००६ साली ते गेले. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलं की रात्री अंगणात बाज टाकून मामा सांगायचे. मी एकदा विचारलं, "मामा, म्हणजे तुम्ही स्वातंत्र्यसैनिक?" मामा हसले. म्हणाले, "छे रे! मी भाकऱ्या पोचवायचो."

आज मला त्या भाकऱ्यांबद्दलच बोलायचं आहे.

वकील आणि धान्याची कोठी

आधी माणूस समजून घ्या. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. सगळा मुलूख त्यांना भाई कोतवाल म्हणतो. जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. घर नाभिक समाजातलं, गरिबीचं. हा मुलगा शिकला आणि वकील झाला. माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला. काळा कोट घालून सुखाने पोट भरलं असतं. साहेबलोक हवा खायला यायचे ते गाव, तिथे वकिलाला काय कमी?

पण भाई डोंगर उतरून खाली आले. कर्जत-नेरळच्या बाजूचा कातकरी, ठाकूर, आगरी, कुणबी शेतकरी त्यांनी पाहिला. पोरांना अक्षर माहीत नव्हतं, म्हणून गावोगाव शाळा काढल्या. आणि दुसरं काम केलं ते धान्याच्या कोठीचं. हे दुसरं काम नीट लक्षात घ्या.

पावसाळ्यात शेतकऱ्याच्या घरचं धान्य संपतं. लावणीचे दिवस, अंगमेहनत सगळ्यात जास्त आणि मडकं रिकामं. मग सावकाराच्या दारात जायचं. आषाढात एक मण उचललं की सुगीला दीड मण घालायचं. तुमच्याकडे सवाई-दिढी म्हणतात, तोच प्रकार. म्हणजे खळ्यावर रास पडायच्या आधीच अर्धी रास दुसऱ्याची झालेली असायची. भाईंनी काय केलं? सुगीच्या वेळी शेतकऱ्यांचंच धान्य एका कोठीत जमा केलं आणि अडचणीच्या दिवसांत त्यांनाच दिलं. कायद्याचं कलम लागलं नाही, सरकारचं अनुदान लागलं नाही. लोकांचंच धान्य लोकांनाच, पण सावकाराच्या हाताबाहेर.

यात इंग्रजाविरुद्ध काही आहे का? वरून पाहिलं तर नाही. पण मामा म्हणायचे, "कोठी झाली तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की सावकाराला नाही म्हणता येतं. मग सरकारला नाही म्हणायला किती वेळ?"

अकरा मनोरे

ऑगस्ट १९४२. मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी आणि सगळे मोठे पुढारी पकडले गेले. पुढे काय करायचं हे सांगायला कुणी बाहेर उरलं नाही. तुमच्या भागातही तेव्हा काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. १६ ऑगस्टला चिमूरला आणि आष्टीला लोक उठले, गोळीबार झाला, फाशीच्या शिक्षा झाल्या. शेतकऱ्यांच्या पोरांनी आपापल्या अकलेने लढाई उचलली.

समोर कोण होतं? पृथ्वीच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर ज्याचं राज्य होतं, तो इंग्रज. त्या काळी त्याच्याएवढी सत्ता दुसरी नव्हती. आणि इकडे कोण? काही डझन माणसं, थोडीफार हत्यारं आणि लोखंड कापायच्या करवती.

करवती कशाला? नीट ऐका. पहिल्या महायुद्धापासून टाटांची वीज आमच्या या सह्याद्रीतून मुंबईला जाते. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. डोंगरावर पाणी अडवायचं, नळातून खाली सोडायचं, वीज करायची आणि उंच लोखंडी मनोऱ्यांवरून तारा टाकून मुंबईला न्यायची. त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या चालायच्या, रेल्वे चालायची. गिरण्यांत कुणाचा कापूस? वऱ्हाडाचा, खानदेशाचा. कापड कुणासाठी? लढाईचे दिवस होते. लष्कराच्या कापडाची मागणी प्रचंड होती. म्हणजे तुमचा कापूस, आमचं पाणी, मुंबईच्या मजुराचा घाम आणि लढाई इंग्रजाची.

भाईंच्या आझाद दस्त्याने सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत असे अकरा मनोरे पाडले. मनोऱ्याचे पाय रात्री करवतीने कापायचे. एक मनोरा आडवा झाला की तारा तुटायच्या, तिकडे गिरण्या थांबायच्या. सरकारने भाईंना पकडून देण्यासाठी बक्षीस लावलं.

मामांनी मनोरा पडताना पाहिला नाही. पण एका रात्री लांबून आवाज ऐकला. घरातलं कुणी काही बोललं नाही. आजीने फक्त दिवा विझवला.

मी शिक्षक माणूस. शंका विचारायची सवय. मी मामांना म्हटलं, "गिरणी बंद पडली की मजुराची मजुरी बुडाली. तोही आपलाच." मामा बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "बुडाली असेल. तेव्हा तेवढं सुचलं नाही." हे उत्तर मला आवडतं. लढाईत सगळं स्वच्छ नसतं. आपल्या बाजूने कुणाचं नुकसान झालं ते म्हातारपणी तरी कबूल करता यावं.

जात्याचा आवाज

आता भाकऱ्या. जंगलात लपलेल्या माणसाला बंदुकीआधी काय लागतं? दोन वेळचं खायला. दस्ता डोंगरात, आणि डोंगरात काही पिकत नाही. म्हणजे खालच्या गावांतून रोज भाकरी वर जायला पाहिजे. आणि गावात पोलीस पाटील आहे, सावकाराची माणसं आहेत, अधूनमधून पोलिसांची फेरी आहे.

आजीची अडचण काय होती, सांगा बघू? धूर? धूर सगळ्याच घरांतून निघतो. अडचण होती जात्याची. तेव्हा गिरणी गावात नव्हती. पहाटे बाया जात्यावर दळायच्या. गावात कुणाच्या घरी माणसं किती, दळण किती, जातं किती वेळ चालतं, हे शेजारणीला घड्याळासारखं माहीत. सहा माणसांच्या घरात पंधरा माणसांचं दळण सुरू झालं, तर आवाजावरून गावाला कळणार. म्हणून आजीने काय केलं? ज्यादा दळण तीन घरांत वाटून दिलं. प्रत्येकीने आपल्या रोजच्या दळणात दोन दोन मुठी जास्त घालायच्या. तीन घरांपैकी एकीला ठाऊक होतं हे कुणासाठी आहे. बाकी दोघींनी विचारलंच नाही. "विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं," असं आजी म्हणायची.

मग मामा निघायचे. खांद्यावर गुरांची काठी, डोक्यावर पाटी. पाटीत खाली भाकऱ्या फडक्यात बांधून, वर पळसाची पानं, त्यावर शेण. गुराख्याच्या पाटीतल्या शेणात कोण हात घालतो? ठरलेल्या दगडामागे पाटी ठेवायची आणि मागे न बघता परत फिरायचं. मामांनी दस्त्यातली माणसं दोनदाच पाहिली. भाईंना एकदाच. अंगावर साधे कपडे, दाढी वाढलेली. त्यांनी मामांना काय विचारलं असेल? "शाळेत जातोस का रे?"

हे सगळीकडे असंच झालेलं आहे. बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात भवानी महातो नावाची शेतकरीण होती. नवरा तुरुंगात, घरी मोठा खटला, शेती तिच्यावर, आणि रात्री-अपरात्री जंगलातले क्रांतिकारक जेवायला. सगळ्यांचं रांधणारी ती एकटी. शंभरी ओलांडल्यावर पत्रकारांनी विचारलं, तेव्हाही ती म्हणत राहिली की माझा त्या लढ्याशी काही संबंध नव्हता, मी आपला स्वयंपाक केला. २०२४ साली ती गेली. तिकडे व्हिएतनाममध्ये १९५४ साली फ्रेंचांचा दिएन बिएन फूचा तळ पडला. फ्रेंचांकडे विमानं होती. व्हिएतनामच्या शेतकऱ्यांनी सायकलींना बांबू बांधून दोन दोन क्विंटल तांदूळ डोंगरातून ढकलत नेला. ज्याला पोटाला मिळालं तो टिकला.

मामांच्या मनातला सल

मग २ जानेवारी १९४३ उजाडला. फितुरी झाली होती. दस्ता सिद्धगडच्या रानात आहे हे पोलिसांना कळलं होतं. हॉल नावाचा इंग्रज अधिकारी पोलीस घेऊन पहाटेच वर चढला. गोळीबार झाला. मानिवलीचे हिराजी पाटील पडले. हिराजी हे गोमाजी पाटलांचे चिरंजीव, बापलेक दोघंही या लढाईत होते. भाई जखमी झाले आणि त्या जखमी माणसाला जवळून गोळी घातली गेली. वय तीस वर्षं.

त्यानंतर काही दिवसांनी पोलीस आजोळच्या गावात आले. त्यांनी घरात बंदुका शोधल्या नाहीत. त्यांनी कणगी उघडली. धान्य अंगणात ओतलं आणि मापलं. घरात माणसं सहा, सुगी होऊन इतके दिवस झाले, मग उरायला पाहिजे किती आणि उरलंय किती? बाकीचं कुठे गेलं? लक्षात घ्या, हा हिशोब त्यांना बरोबर कळला होता. लढाई कणगीवर चालली होती हे गावातल्या शहाण्यांना नंतर समजलं, पोलिसांना आधी समजलं.

आजीने सांगितलं, उंदीर लागले. आजोबांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. ते काही बोलले नाहीत. सुटून आले ते पुढे आयुष्यभर डाव्या कानाने कमी ऐकायचे. कारण कुणी कधी विचारलं नाही.

पण मामांचं दुःख वेगळं होतं, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. त्या डिसेंबरात गुरं राखताना त्यांनी एका सोबत्याला बढाई मारली होती. "मी भाईंना पाहिलंय." एवढंच वाक्य. तेरा वर्षांचं पोर, किती दिवस पोटात ठेवणार? आठ-दहा दिवसांनी सिद्धगड झाला. आणि मामांच्या डोक्यात बसलं, माझ्या तोंडून गेलं.

मी पुढे वाचलं, विचारलं. फितुरीची हकिगत वेगळी आहे. तिचा आजोळच्या गावाशी, गुराख्याच्या पोराशी काही संबंध नाही. मी धावत जाऊन मामांना सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. मामा म्हणाले, "कागदात तसं असेल. पण मी बोललो होतो, हेही खरंच ना?" त्या सोबत्याशी मामा त्यानंतर आयुष्यात नीट बोलले नाहीत. त्या बिचाऱ्याने काही केलंही नसेल. एका फितुरीने दोन माणसं डोंगरावर मेली आणि खाली गावात प्रत्येकाने प्रत्येकाचा संशय घेतला. बलाढ्य सत्तेचं सगळ्यात स्वस्त हत्यार तेच. त्याला दारूगोळा लागत नाही.

साताऱ्याची ज्वारी

सिद्धगडला दस्ता तीन-चार महिन्यांत संपला. सातारा जिल्ह्यात तीच लढाई तीन वर्षं टिकली. का टिकली, याचा विचार तुम्ही ज्वारीवाल्यांनी करायचा आहे.

तिथे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६ चाललं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. त्यांनी नुसते हल्ले केले नाहीत. गावात न्यायदान सुरू केलं, सावकारांच्या तावडीतल्या जमिनी सोडवल्या, दारू बंद केली, कमी खर्चात लग्नं लावली. गुंडांना आणि फितुरांना त्यांनी कठोर शिक्षा केल्या. काही ठिकाणी अतिरेकही झाला असेल, ते झाकायचं कारण नाही. पण माणसाला कोर्टात न जाता गावातच निकाल मिळत होता, म्हणून गाव त्यांच्या मागे उभं राहिलं.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांनी रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, हे तुफान सेनेचे म्होरके. हत्यारं काय? विळे, काठ्या आणि मोजके गावठी बॉम्ब. गाडीपुढे रुळावर धोंडे रचले, गाडी थांबल्यावर मागेही रचले, म्हणजे मागेही जाता येऊ नये. १९ हजार १७५ रुपये हाती आले. कॅप्टन भाऊ २०२२ साली गेले. शेवटपर्यंत ते सांगायचे की याला लूट म्हणू नका, आमच्याच लोकांचा लुटलेला पैसा आम्ही परत आणला.

त्याच मंडळींनी १४ एप्रिल १९४४ ला तुमच्या खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवली. साडेपाच लाखांच्या घरात रक्कम. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. खानदेशातून आलेले हात वर करा. बघा, तुमच्या कपाशीच्या शिवारातून ती रक्कम साताऱ्याला गेली.

आणि बाया? नाना पाटलांची मुलगी हौसाताई. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तिने आणि एका सोबत्याने नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. नवरा रस्त्यावर बायकोला बडवतोय, बाई ओरडतेय. सोडवायला पोलीस बाहेर आले आणि मागच्या मागे सोबत्यांनी ठाण्यातल्या रायफली उचलल्या. सोंग खरं वाटावं म्हणून मार मात्र खरा खाल्ला. हौसाताई २०२१ साली गेल्या.

आता मूळ प्रश्न. तीन वर्षं भूमिगत माणसं जगली कशावर? ज्वारीच्या भाकरीवर. आमची तांदळाची भाकरी दुसऱ्या दिवशी वातड होते. ज्वारीची भाकरी वाळवली तरी चालते, प्रवासात टिकते, सोबत मिरचीचा ठेचा आणि कांदा असला की जेवण झालं. पण भाकरीच्या गुणापेक्षा मोठी गोष्ट ही की ती ज्वारी घरात होती. सगळीच बाजारात गेलेली नव्हती. लढाईच्या काळात ब्रह्मदेश जपानने घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला, १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली, इकडे रेशन आलं, लेव्ही आली. सरकारलाही धान्य पाहिजे होतं आणि भूमिगतांनाही. ज्याच्या घरात चार पोती होती, तो कुणाला द्यायची हे ठरवू शकत होता. ज्याच्या घरात काहीच नव्हतं, त्याला ठरवायला काय उरलं होतं?

कणगी कुणाची?

भावांनो, इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं उलटून गेली. आता डोंगरात कुणी लपलेलं नाही आणि कुणी लपावं असंही मी म्हणत नाही. आपलं राज्य आहे, आपली भांडणं उघड्यावर भांडायची आहेत. पण भांडायला दम लागतो, आणि दम कणगीत असतो, हे काही बदललेलं नाही.

तुमच्याकडची पेवं कुठे गेली? माझ्या लहानपणी मराठवाड्यातले एक मास्तर आमच्या शाळेत होते. ते सांगायचे, वाड्यासमोर पेव असायचं, जमिनीत खोल, कडब्याने अस्तर केलेलं, तीन तीन वर्षं ज्वारी टिकायची. आता ज्वारीचं रान कमी झालं. सोयाबीन आलं, २००२ नंतर बीटी कपाशी आली. मी तुम्हाला दोष देत नाही. ज्वारीला भाव नाही, पाखरं राखायला माणूस नाही, काढणीला मजूर नाही, ही कारणं मला कळतात. पण परिणाम बघा. कापूस खाता येत नाही. सोयाबीनची भाकरी होत नाही. घरात खायला नसेल तर पहिली वेचणी झाली की दुसऱ्या दिवशी गाडी भरावी लागते, मिळेल त्या भावाने. घरात वर्षाची ज्वारी आणि गोठ्यात कडबा असेल, तर व्यापाऱ्याला सांगता येतं, "आज नाही, महिन्याने बघू." भाई कोतवालांच्या कोठीचा अर्थ एवढाच होता. महिना थांबण्याची ताकद.

आमचं सांगतो. भिवंडीच्या आसपास फिरून या. जिथे भात पिकत होतं तिथे मैलोन् मैल गोदामं उभी आहेत. जगातला सगळा माल तिथे आहे. टीव्ही आहे, चपला आहेत, साबण आहे. आमच्या पोरांना तिथे नोकऱ्या लागल्या, ते बरंच झालं. पण त्या एवढ्या गोदामांत आमच्या गावाचं म्हणून एक पोतं भात नाही. गोदाम दुसऱ्याचं असतं, आपण त्यात हमाल असतो. कोठी आपली असते. हा फरक मला म्हातारपणी कळला. जमिनी गेल्यावर कळला.

म्हणून तुमच्यापुढे एकच काम ठेवतो. परत गेल्यावर प्रत्येक गावात दहा घरांनी मिळून एक कोठी करा. सुगीला प्रत्येकाने एक एक पोतं ज्वारी घालायची. हिशोबाची वही उघडी ठेवायची, कुणालाही बघता आली पाहिजे. ज्याच्या घरी आषाढात अडचण येईल त्याने न्यायचं, सुगीला तेवढंच परत घालायचं. सवाई नाही, दिढी नाही. दहा पोत्यांनी जग बदलणार नाही. पण दहा घरांना एकमेकांवर विश्वास ठेवायची सवय लागेल. मामांच्या गावात तीच सवय मोडली आणि पुन्हा लागायला एक पिढी गेली.

शेवटचं सांगतो. स्वातंत्र्यसैनिकांना सरकारने सन्मानाचं निवृत्तिवेतन दिलं, ते योग्यच झालं. पण त्याचा नियम काय? अमुक महिने तुरुंग, किंवा भूमिगत असल्याचा कागद. तुरुंगाचा दाखला मिळतो, वॉरंटची नक्कल मिळते. दोन मुठी जास्त दळल्याचा दाखला कोण देणार? आजीकडे नव्हता. त्या दोन शेजारणींकडे नव्हता. मामांकडे नव्हता, आणि त्यांनी मागितलाही नाही.

उद्या पहाटे सिद्धगडावर हार घातले जातील, भाषणं होतील. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या दोघांपुढे डोकं टेका. मग एक मिनिट खाली, पायथ्याच्या गावांकडे बघा. तिथल्या ज्या घरांत तेव्हा जाती होती, त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. त्यांनाही हात जोडा.

आता जेवायला बसा. भाकऱ्या तांदळाच्या आहेत, तुम्हाला थोड्या वातड लागतील. पण उद्याच्या वाटेसाठी बायांनी दोन दोन जास्त केल्या आहेत. फडक्यात बांधून घ्या.